तासाभराच्या अंधाराचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पर्यावरण : दोन शब्द’ असं छापलंय. दोन शब्दांत भागणार नाही, पण तुमची चुळबुळ सुरू व्हायच्या आत थांबेन. माझं बोलणं झालं की या हॉलचे दिवे तासभर मालवायचे, असं कार्यकारिणीने ठरवलंय. त्या बैठकीत विरोध करणारा मी एकटाच होतो. ‘ही नाटकं कशाला?’ असं जरा चढ्या आवाजातच म्हणालो. घरी गेलो, कागद-पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. हिशेब माझ्या बाजूने लागला, मत मात्र बदललं. त्याची ही कैफियत.

आधी हिशेब. ९ वॉटचे पाच एलईडी दिवे तासभर बंद ठेवले की ४५ वॉट-तास वीज वाचते. एका युनिटचा बाविसावा हिस्सा. साध्या तापमानाचं एक लिटर पाणी उकळीला आणायला याच्या दुप्पट वीज लागते, म्हणजे आपल्या त्यागात अर्धा लिटर पाणीसुद्धा धड उकळत नाही. बरं, अंधार झाला म्हणून आपण हौसेने मेणबत्त्या लावणार. ते मेण बहुतेक वेळा पॅराफिन, म्हणजे खनिज तेलाचंच लेकरू. एक मेणबत्ती तासाला सहा-सात ग्रॅम मेण जाळते आणि वीसेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. आपली वीज पूर्णपणे कोळशावरची धरली, तरी दोन-तीन मेणबत्त्यांत सगळी बचत फस्त! हा कागद पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडावर मारायचा, असा माझा बेत होता.

मग सहज म्हणून ‘अर्थ अवर’बद्दल, म्हणजे तासभर दिवे मालवायच्या मूळ उपक्रमाबद्दल वाचायला बसलो. ३१ मार्च २००७ ला सिडनीत हा उपक्रम पहिल्यांदा झाला, तेव्हा २२ लाखांच्या आसपास लोक सामील झाल्याचं आयोजकांनी सांगितलं होतं. आणि हा उपक्रम विजेच्या बचतीसाठी नाहीच, हेही आयोजकच सांगत आले आहेत. घ्या! मी तराजू अगदी नेमका लावला होता, पण वजन करायची वस्तूच वेगळी होती. दिवे घालवणं ही हाक आहे. हाक किती डेसिबलची होती हे मोजून काय मिळणार? ती कोणाला मारली आणि त्याने ओ दिली का, एवढंच विचारायचं.

हा प्रश्न घेऊन मागे बघितलं की काही गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात.

‘चिपको’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडाला मिठी मारलेली बाई येते. मिठीने कुऱ्हाड थांबते का? एरवी नाही. पण १९७३ साली चमोली जिल्ह्यात (तेव्हा उत्तर प्रदेश, आता उत्तराखंड) नेमकं काय झालं होतं बघा. शेतीची अवजारं करायला गावकऱ्यांनी अंगू नावाची झाडं मागितली, वनखात्याने नाही म्हटलं, आणि तीच झाडं खेळाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला दिली. राग कोणावर हे गावाला ठाऊक होतं. वनखात्यावर, ठेकेदारावर, लिलावावर. पुढच्याच वर्षी रेणी गावात गौरादेवी तिथल्या बायकांना घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा समोर झाडं तोडायला आलेली माणसं होती. त्यांना माघारी जावं लागलं. १९८० मध्ये उत्तर प्रदेशच्या हिमालयातल्या जंगलांत हिरवी झाडं तोडायला पंधरा वर्षांची बंदी आली. सात वर्षं गेली मध्ये. त्या सात वर्षांत अर्ज-विनंत्या झाल्या, पदयात्रा, उपोषणं झाली, समित्या बसल्या. त्याचे फोटो कोण छापतो? मिठीचा फोटो देखणा असतो.

दुसरं उदाहरण २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या ‘अर्थ डे’चं, म्हणजे वसुंधरा दिनाचं. अमेरिकेत दोन कोटी लोक त्या दिवशी बाहेर पडले असं म्हणतात. भाषणं झाली, रस्ते झाडले गेले, कोणी गॅस मास्क लावून फिरलं. तिथेच संपतं तर आपण त्याला जत्राच म्हटलं असतं. पण त्याच संयोजकांपैकी काहींनी लगेच निवडणुकीकडे मोर्चा वळवला. पर्यावरणाच्या बाबतीत ज्यांची कामगिरी वाईट, असे बारा खासदार त्यांनी हेरले, त्यांना ‘डर्टी डझन’ असं नाव दिलं आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यातले सात पाडले. डिसेंबरमध्ये सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सननी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. हे निक्सनना झाडांचं भरतं आलं म्हणून झालं, असं मला तरी वाटत नाही.

उलटी गोष्टही आहे, आणि मला ती जास्त बोचते. १९७९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेलं बसवली. ही एक दिवस संग्रहालयातली वस्तू होऊ शकतात, असं ते तेव्हाच म्हणाले होते. १९८६ मध्ये छपराची दुरुस्ती निघाली, पॅनेलं उतरवली, ती परत चढलीच नाहीत. त्यातलं एक आज खरोखरच संग्रहालयात आहे. सगळे हळहळतात ते या पॅनेलांसाठी. पण घरावर सौर यंत्रणा बसवणाऱ्याला मिळणारी करसवलत त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ च्या अखेरीस संपली होती. सौर धंद्याचं कंबरडं मोडलं ते त्याने. करसवलतीचा मृत्यू कोणाच्या लक्षात नाही, कारण ती छपरावर दिसत नव्हती.

आता घरचा अहेर. माझ्या दारामागच्या खुंटीला कापडी पिशव्या आहेत. परवा मोजल्या, अकरा निघाल्या. चारांवर आपल्याच मंडळाचं बोधचिन्ह आहे, दोन अजून घडीतून सुटलेल्याही नाहीत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासाप्रमाणे, साधी सुती पिशवी हवामानाच्या हिशेबात प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, बाकीची प्रदूषणं सगळी धरली तर सुमारे ७,१०० वेळा. रोज एकदा वापरली तरी एकोणीस वर्षं. अकरा पिशव्यांचं ऋण फेडायला मला दोन जन्म तरी घ्यावे लागतील. पिशवी वाईट नाही हो. एक असेल तर उत्तम. पण दर कार्यक्रमात नवी पिशवी वाटून आपण कोणाला हाक मारत होतो? स्वतःलाच ना? आणि ओही आपणच देत होतो, ‘वा, छान!’ अशी. ही हाक सगळ्यात धोक्याची, कारण तिने मन भरतं आणि माणूस घरी जाऊन स्वस्थ झोपतो. मला तरी छान झोप लागत होती.

म्हणून मी कार्यकारिणीला म्हटलं, दिवे मालवा, माझी हरकत नाही. पण मग हाक कोणाला, ते ठरवा. यावर दोन बैठका गेल्या. एक तर जवळजवळ मोडलीच. शेवटी चिटणीसबाईंनी या हॉलच्या मालकांकडून वर्षभराची ऊर्जेची बिलं मागवली. त्यांत दिव्यांचा वाटा किरकोळ आहे. सगळ्यात मोठा आकडा आहे हॉल उबदार ठेवण्याचा. रिकामा असताना, रात्रभर, आठवडाभर. टायमर नाही. मालक म्हणतात, आजवर कोणी विचारलं नाही.

त्या बिलांची प्रत दाराशी लावली आहे. शेजारी मालकांच्या नावाने एक पत्र आहे, टायमर बसवा, निम्मा खर्च मंडळ देईल, असं. खाली सह्यांसाठी जागा आहे. पुढच्या मेळाव्याला नवी बिलं त्याच जागी लागतील, टायमर बसला असो वा नसो. मालक स्वतः आज शेवटच्या रांगेत बसले आहेत. मराठी कळत नाही त्यांना, पण मी त्यांच्याकडे बोट दाखवतोय हे बहुतेक कळलंय.

पत्र उजेडातच वाचून घ्या. मग दिवे मालवू. स्विच त्या डाव्या खांबामागे आहे.