महाग पेट्रोल आणि तहानलेलं इंजिन

नमस्कार मंडळी. विषय फलकावर लिहिलाच आहे: महाग पेट्रोलने इंजिनाचं आयुष्य वाढतं का? त्याआधी मला एक सांगा. या सभागृहाखाली निदान पन्नास स्कूटरी उभ्या आहेत. गेल्या महिन्याभरात स्वतःच्या हाताने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, कोणी काढून पाहिली? हात वर करा. चार. आणि त्यातल्या दोघांना मी ओळखतो, ते मेकॅनिक आहेत.

इथे ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये मी अडतीस वर्षं गॅरेज चालवलं. तिथली एक गोष्ट सांगतो. वर्तकनगरहून एक गृहस्थ यायचे, बँकेत नोकरीला. स्कूटर अशी पुसलेली की आरशात भांग पाडावा. एक दिवस ती ढकलत आणली. चालू केली की मागून निळा धूर मारत होती आणि पिकअप गेला होता. सोबत एक वही. तिच्यात चार वर्षांतलं प्रत्येक पेट्रोल तारखेसकट लिहिलेलं, आणि सगळं महागातलं. म्हणाले, "साहेब, हिला मी कधी साधं पेट्रोल पाजलं नाही. मग असं का झालं?"

डिपस्टिक काढली तर कोरडी. बोल्ट सोडून ऑइल काढलं तर वाटीभर निघालं, तेही डांबरासारखं. चौदा हजार किलोमीटर बदललेलंच नव्हतं. हेड खोललं, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमची बैठक घासलेली. बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला, नखाला लागतील अशा चरा पडलेल्या. पिस्टनचा माथा मात्र बराच स्वच्छ होता. मी तो त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "पेट्रोलने आपलं काम केलंय हो." ते माझ्या स्टुलावर बसून राहिले. वहीत ऑइलसाठी एक रकानाही नव्हता. त्या माणसाने काळजी घेण्यात काही कमी ठेवलं नव्हतं, पण ती कुठे घ्यायची हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पंपावर सांगितलं नाही, जाहिरातीत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हा मेकॅनिक लोकांनीही नाही. याचा मला आजही राग येतो.

दुसरा राग पंपावरचा. हायवेवर एका पंपाशी गाडी लावली की पोरगा "झिरो बघा" म्हणतो आणि कोणतं पेट्रोल हे न विचारता महागाचं नोझल घालतो. आपणही गप्प बसतो. बसू नका. पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, ते मागता येतं. फिल्टर पेपर मागता येतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. शुद्ध असेल तर उडून जातो, डाग राहत नाही. 2017 मध्ये आपल्या ठाणे पोलिसांनीच पंपांच्या यंत्रांतली मापात मारणारी चिप पकडली होती, आठवतंय ना? विचारायला लाजायचं कशाला?

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, मूळ मुद्दा भरभर सांगतो.

महाग पेट्रोलच्या नावात पंच्याण्णव, शंभर असे आकडे असतात, ते ऑक्टेनचे. आयसो-ऑक्टेनला शंभर आणि हेप्टेनला शून्य मानलं. एक्याण्णवचं पेट्रोल म्हणजे या दोघांच्या 91 आणि 9 अशा मिश्रणासारखं वागणारं. हा आकडा ताकदीचा नाही. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेट घ्यायला किती विरोध करतं, ते त्यातून कळतं. विरोध कमी पडला की चढावर मोठ्या गिअरमध्ये टकटक ऐकू येते, ते नॉकिंग. ते थांबवायला 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती शोधली. ते विष आपल्या देशातल्या पेट्रोलमधून पूर्ण जायला 2000 साल उजाडलं.

म्हणून ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जास्त आहे किंवा ज्याला टर्बो आहे, आणि मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन लिहिलंय, त्यात ते घालाच. तिथे कंजुषी नको. नॉक सेन्सर, म्हणजे ती टकटक ओळखणारं यंत्र, असलेली गाडी कमी ऑक्टेनवर ठिणगी उशिरा टाकून स्वतःला वाचवते, पण ताकद आणि मायलेज थोडं जातं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरला मात्र वरच्या ऑक्टेनचा काही उपयोग नाही.

महागातल्या पेट्रोलमध्ये सफाईचं रसायन असतं, ते मान्य. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा थर त्याने कमी होतो. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत ते व्हॉल्व्हवर पडतच नाही, तर धुणार काय? पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलच्या भीतीने पंच्याण्णव घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, त्यातही बहुतेक ठिकाणी इथेनॉल असतंच. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गास्केट तपासून घ्या, ते जास्त कामाचं.

आता हिशेब. महिन्याला वीस लिटर आणि लिटरमागे सात रुपये जादा धरा. वर्षाचे 1680 होतात. स्कूटरला ऑइल लागतं जेमतेम पाऊण-एक लिटर. तेवढ्या पैशांत वर्षातून दोनदा ऑइल बदलून एअर फिल्टरही येतो.

आणि ठाणेकरांनो, फक्त किलोमीटर मोजू नका. घोडबंदरला गायमुखच्या जाममध्ये गाडी तासभर उभी राहते, तेव्हा काटा हलत नाही, पण इंजिन चालूच असतं आणि ऑइल शिजत असतं. पाचपाखाडीहून स्टेशनपर्यंतच्या फेरीत तर इंजिन नीट तापतही नाही. ओल आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. म्हणून मॅन्युअलमधले किलोमीटर भरले नाहीत तरी तिथे लिहिलेले महिने भरले की ऑइल बदला.

वेळ संपली, उतरतो. माझी स्कूटर खाली गेटपाशीच मेन स्टँडवर लावली आहे. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं, काठी पुसायची, मग आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. ज्यांनी मघाशी हात वर केला नाही त्यांनी आधी या, चिंधी मी आणली आहे.