मत आयतं नाही मिळालं

नमस्कार मंडळी,

महिला दिनाला वक्त्याने काय बोलायचं हे साधारण ठरलेलं असतं. जिजाऊ, सावित्रीबाई, आनंदीबाई अशी नावं ओळीने घ्यायची, टाळ्या मिळवायच्या आणि चहाला मोकळं व्हायचं. ती नावं मलाही वंदनीयच आहेत. पण आज मला एका वाक्याशी भांडायचंय. परदेशात राहणारे आपण ते जरा मान ताठ करूनच बोलतो: ‘इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांना मतासाठी केवढं झगडावं लागलं! आपल्याकडे घटनेने पहिल्याच दिवशी देऊन टाकलं.’

घटनेने दिलं, हे खरं. १९५० साली २१ वर्षांवरच्या सगळ्यांना, शिक्षण न विचारता, सातबारा न बघता. पण त्याआधी तीसेक वर्षं ते मागणं चालूच होतं, आणि मागणाऱ्यांत मुंबई-पुण्याच्या बायका मागे नव्हत्या.

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला असताना सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. राज्यकारभारात नव्या सुधारणा द्याल तेव्हा आम्हालाही मत द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या खास अधिवेशनात काँग्रेसनेही ही मागणी उचलून धरली. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला आलेल्या साउथबरो समितीने मात्र हात झटकले. देशातल्या रूढी पाहता अजून वेळ आलेली नाही, म्हणे. (ही वेळ कधी येणार, हे असल्या समित्या सहसा सांगत नाहीत.)

आता दोन नावं सांगते. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. १९११ साली या मायलेकी काश्मीरला गेल्या होत्या. श्रीनगरात त्यांची गाठ सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया म्हणजे महाराजा रणजितसिंगांची नात. इंग्लंडात वाढलेली आणि तिथल्या मताधिकाराच्या चळवळीत हिरिरीने उतरलेली. तिच्या पोशाखावर एक छोटासा बिल्ला होता, ‘स्त्रियांना मत द्या’ असं सांगणारा. हेराबाईंनी कुतूहलाने विचारलं, सोफियाने सांगितलं, आणि हेराबाई या कामाला लागल्या त्या लागल्याच. १९१९ साली मुंबईच्या स्त्रियांनी आपली बाजू मांडायला या दोघींना लंडनला धाडलं. मिठन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची. दोघींनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे म्हणणं मांडलं आणि नंतर ब्रिटनभर सभांतून बोलत फिरल्या. मिठन तिथेच शिकायला राहिली, बॅरिस्टर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली. मिठन लाम या नावाने कदाचित काहींनी ऐकलं असेल. मी तरी शाळेच्या पुस्तकात हे नाव वाचलेलं नाही.

इतकं करून लंडनने काय दिलं? नकारही नाही आणि होकारही नाही. प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलने आपापलं ठरवावं, असं म्हणून चेंडू टोलवला. म्हणजे आता प्रांतागणिक, पुरुषांनीच भरलेल्या सभागृहांच्या दारात उभं राहणं आलं.

मुंबई इलाख्यात या कामात रमाबाई रानडे होत्या. ‘न्यायमूर्तींच्या पत्नी’ एवढ्यावर आपण त्यांची बोळवण करतो. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांसाठी करायचं घाटत होतं, तेव्हा मुलींना वगळू नका म्हणून त्यांनी बायकांची मिरवणूक काढली होती. तेव्हा साठीच्या घरात होत्या त्या. मताधिकाराच्या मागणीतही त्या तितक्याच ठामपणे उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई, या दोन प्रांतांनी स्त्रियांवरची बंदी उठवली. अर्थात मालमत्तेची अट होतीच, आणि बाईच्या नावावर मालमत्ता असायची कुठून?

ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्याने दार थोडं किलकिलं केलं. सुमारे ६० लाख स्त्रियांना मत मिळालं, त्यातल्या बऱ्याच जणींना पात्र पुरुषाची बायको किंवा विधवा म्हणून. देशातल्या मोठ्या महिला संघटनांनी याला आधीच विरोध केला होता. राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी १९३३ साली लंडनला जाऊन सांगितलं, की मत द्यायचं तर प्रौढ नागरिक म्हणून द्या, नवऱ्याच्या खात्यावर नको. मला या सगळ्या इतिहासात ही मागणी सर्वांत मोठी वाटते. पदरात पडतंय ते घ्या, असं सांगणारे शहाणे तेव्हाही कमी नसणार.

मग स्वातंत्र्य आलं, घटना आली आणि मतदारयाद्या करायला माणसं घरोघर गेली. उत्तरेत अनेक घरांत बाईने परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायची रीत नव्हती. यादीत नोंद व्हायची ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे चालवून घेतलं नाही. स्वतःचं नाव द्या, नाहीतर नोंद नाही. बिहारमध्ये मुदत वाढवून दिली, तरी देशभरात जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. सेन यांच्यावर टीका झाली. मला त्यांचं बरोबर वाटतं. त्या २८ लाख जणींचं पहिलं मत गेलं, याची हळहळ वाटते तरीही.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं आणि जुनं गेलं.

आता थोडं घरचं. आपल्या मंडळाच्या सभासद यादीत अजूनही ‘श्री. व सौ.’ अशी नोंद असते, आणि निवडणुकीत कुटुंबाला मिळून एकच मत. ते बहुतेक वेळा कोण टाकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येक प्रौढ सभासदाचं नाव यादीत वेगळं असावं आणि प्रत्येकाला एक मत असावं, असा ठराव मी सचिवांकडे लेखी दिला आहे. अनुमोदनाला दोन सह्या लागतात. कागद चहाच्या टेबलावर ठेवलाय.