'दुसरा' म्हणजे नक्की कितवा?

नमस्कार मंडळी! 'पहिला' या शब्दावरचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून खाली एकच धोशा चालू आहे: ताई, आता 'दुसरा' घ्या. काहींना व्युत्पत्ती हवी आहे. काहींना 'दुसऱ्या' टाइप कसं करायचं ते हवंय. आणि एक गट ठामपणे लिहितोय की 'दुसरा' हा फक्त क्रमांक आहे, 'वेगळा' या अर्थाने तो वापरणं अशुद्ध, तिथे 'इतर' किंवा 'अन्य'च म्हणायला हवं. या गटासाठी आज मी जास्त वेळ काढणार आहे, कारण या समजुतीपायी चांगली मराठी बोलणारी माणसं उगाच बिचकायला लागली आहेत.

आधी सोपं उरकून टाकू. एक, दोन, तीन ही गणनावाचकं; पहिला, दुसरा, तिसरा ही क्रमवाचकं. दुसरा मजला, दुसरी खिडकी, दुसरं दार, आणि प्रत्यय लागला की 'दुसऱ्या'. हे तुम्हाला येतंच. मराठीत 'कितवा' असा नेमका क्रम विचारणारा शब्द आहे, ही आपली केवढी मोठी सोय! इंग्रजीत एका शब्दात 'कितवा' विचारून बघा, नाही जमत.

पाचपासून पुढे सगळं सरळ आहे. पाचवा, सातवा, आठवा, दहावा. हा 'वा' संस्कृतातल्या पंचम, सप्तम, अष्टम, दशम यांतल्या 'म'चा वारसदार. पहिले चार मात्र आपापल्या वाटेने आले. 'पहिला'चा 'एक'शी संबंध नाही, तसा इंग्रजीत फर्स्टचा वनशी नाही. जे शब्द तोंडात सतत असतात, ते नियमाला लवकर वाकत नाहीत.

आता मूळ. संस्कृतात 'द्वितीय'. त्याची मराठीतली पोरंबाळं शोधायला गेलं की मजा येते. एक 'दुजा', ज्यातून 'दुजाभाव' आला. दुसरं 'बीज', म्हणजे द्वितीया तिथी. भाऊबीज ही कार्तिक शुद्ध द्वितीया, तुकाराम बीज ही फाल्गुन वद्य द्वितीया. पेरायच्या बीजाशी या बीजेचा काही संबंध नाही. गुजरातीत दुसऱ्याला 'बीजो' म्हणतात, तोही याच घरातला. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात 'बिजवर' ऐकला असेल, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा नवरा. तोही द्वितीयेचाच.

मग 'दुसरा' कुठून आला? 'दु' म्हणजे दोन, हे उघड आहे. 'सरा'ची एक जुनी उकल अशी की तो संस्कृत 'सृ' धातूचा, म्हणजे सरणं, पुढे जाणं यातला. 'तिसरा'तही तोच. ही उकल मला फार आवडते, कारण लॅटिनमध्ये दुसऱ्याला 'सेकुंदुस' म्हणतात आणि तो शब्द 'मागोमाग येणे' या क्रियापदापासून झालेला आहे. पहिल्याच्या पाठोपाठ जो येतो तो.

त्या सेकुंदुसवरूनच घड्याळातला सेकंद आला. तासाचे साठ भाग केले, तो पहिला लहान भाग, म्हणजे मिनिट. त्या भागाचे पुन्हा साठ केले, तो दुसरा लहान भाग. लॅटिनमध्ये 'पार्स मिनुता सेकुंदा'. त्यातला 'लहान भाग' गळाला आणि 'दुसरा' तेवढा उरला. साठाचा हिशोब बॅबिलोनियाच्या खगोलाचा. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सिझियम अणूवर नेली, ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा काळ म्हणजे एक सेकंद. इतकं अचूक माप, आणि त्याचं नाव मात्र नुसतं 'दुसरा'!

बरं, आता मुद्द्यावर येते. नीट ऐका, कारण हेच मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

'दुसरा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक क्रमाचा: पहिल्यानंतरचा. एक भेदाचा: हा नव्हे, वेगळा. दोन्ही शुद्ध आहेत. म्हणीच घ्या ना. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.' इथे कोणी रांग लावून डोळे मोजतंय का? 'दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो.' खड्डा काय क्रमांक दोनच्या माणसासाठी खणलाय? ही मराठी अशुद्ध म्हणायची तर आपल्या आज्या-पणज्यांपासून सगळ्यांची मराठी अशुद्ध ठरवावी लागेल.

हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे? अगदी साधं आहे. समोर दोनच वस्तू असल्या की 'वेगळी' आणि 'दोन नंबरची' ही एकच वस्तू असते. एक हात इथे, दुसरा हात तिथे. एक कान, दुसरा कान. नदीचा एक काठ, दुसरा काठ. यात 'दुसरा' म्हणजे क्रम की भेद? सांगताच येत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही. तिसरी वस्तू आली की हे दोन अर्थ फुटतात. गोंधळ होतो तो तिथेच.

याचा एक अनुभव सांगते. मावशीकडे एक यंत्र आणलं होतं. पुढच्या बाजूला ओळीने तीन बटणं. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात लिहिलेलं: 'हिरवा दिवा न लागल्यास दुसरे बटण दाबा.' मावशी म्हणाली, "अगं, दुसरं म्हणजे हे मधलं, लिहिलंय ना." तिने मधलं दाबलं आणि यंत्राला कुलूप पडलं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, आत्ता दाबलंत ते सोडून वेगळं, म्हणजे उजवीकडचं. बटणं दोन असती तर हे वाक्य बिनचूक होतं, पण होती तीन. शब्द मुळीच चुकीचा नव्हता, पण या जागी तो अपुरा पडला. नुसतं 'उजवीकडचं बटण' लिहिलं असतं तर मावशीचे दोन तास वाचले असते. औषधाच्या, परीक्षेच्या, यंत्रांच्या सूचना लिहिणाऱ्यांनी एवढं कराच: वस्तू दोनाहून जास्त असतील तर 'क्रमांक २' तरी लिहा नाहीतर 'वेगळं' तरी लिहा.

आता हेच वेगळ्या बाजूने. एरवीच्या बोलण्यात आपला गोंधळ का होत नाही? कारण शेजारचे शब्द वाट दाखवतात.

[पडद्यावर: दुसराच / दुसरं काही / दुसरं कोणी / दुसऱ्यांना]

'च' लागला की बहुतेक वेळा क्रम संपला. 'हा तर दुसराच माणूस निघाला.' 'काही', 'कोणी' सोबत आले की भेद. 'दुसरं काही बोल.' नाम न घेता एकटा आला, विशेषतः अनेकवचनात, तरी बहुधा भेद. 'दुसऱ्यांना काय वाटेल?' उलट इयत्ता, मजला, तारीख, फेरी, रांग, आवृत्ती असलं काही शेजारी आलं की बहुतेक वेळा क्रम. 'दुसरीत शिकते' म्हटलं की कोणी विचारत नाही की कुठल्या वेगळ्या इयत्तेत. तरी शंका आलीच, तर त्या जागी एकदा 'दोन नंबरचा' घालून बघा, एकदा 'वेगळा' घालून बघा. जो शब्द बसेल तो अर्थ. आणि वस्तू दोनाहून जास्त असून दोन्ही बसले तर समजा की वाक्य दुरुस्त करायला हवं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक वाक्य: 'षटकातला पाचवा चेंडू दुसरा होता.' बरोबर की चूक? बरोबर! ऑफस्पिनरचा उलट्या बाजूला वळणारा चेंडू म्हणजे 'दुसरा'. पाकिस्तानचा सकलेन मुश्ताक याने तो गाजवला. हा शब्द हिंदी-उर्दूतला 'दूसरा', अर्थ 'तो वेगळावाला'. जगभरच्या इंग्रजी समालोचकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. पाचवा तो क्रमाने आणि दुसरा तो वळणाने.

एका प्रेक्षकाने लिहिलंय की 'दुसरा सचिन' म्हणतात, तिथे ना क्रम ना भेद. अगदी खरं, ही तिसरी छटा आहे: त्याच्यासारखाच आणखी एक. आणि असा आणखी एक जिथे नाहीच, तिथे 'अद्वितीय'. ज्याला द्वितीय नाही तो.

आता तिसऱ्या बाजूने, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. 'दुसरा' आणि 'वेगळा' हे अर्थ एकाच शब्दात असणं ही फक्त मराठीची खोड आहे का? मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत 'सेकंड' हा शब्दच नव्हता. दोन नंबरच्याला ते 'अदर'चं जुनं रूप वापरायचे. सेकंड नंतर फ्रेंचमधून आला. पोलिश भाषेत 'द्रुगी' म्हणजे दुसरा आणि वेगळाही. स्वीडिशमध्ये 'आंद्रा' म्हणजे दुसरा आणि 'इतर'ही. जर्मनमध्ये 'आंडर' म्हणजे वेगळा, पण दीडला ते म्हणतात 'आंडर्टहाल्ब', म्हणजे दुसरा अर्धा. तिथे 'आंडर'चा जुना 'दुसरा' हा अर्थ अजून जिवंत आहे.

आणि इथे आपल्या दीडाकडे बघा! प्राकृतात 'दिवड्ढ'. 'दि' दोनाचा, 'अड्ढ' अर्ध्याचा. पहिला पूर्ण, दुसरा अर्धाच. अडीच? 'अर्धतृतीय', दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. आणि औट! औट म्हणजे साडेतीन, 'अर्धचतुर्थ', तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. 'औटघटकेचा राजा' म्हणतो ना आपण, तो साडेतीन घटकांचा राजा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे, घोकलेल्या पिढीला हे पाठ होतं. डॅनिश लोक आजही सत्तरला 'हाल्फ्येर्स' म्हणतात, त्याची फोड आहे 'अर्धा चौथा, गुणिले वीस'. म्हणजे औट विसा सत्तर. डेन्मार्क कुठे, आपण कुठे, आणि हिशोबाची रीत तीच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते.

'दुसऱ्या दिवशी'वरही बरेच प्रश्न आलेत. एकाने विचारलंय, दहा तारखेला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो, तर अकराला की बाराला? अकराला. मराठीत ज्या दिवशी गोष्ट घडली तो दिवस पहिला धरतात, म्हणून लगेचचा दुसरा, आणि बारा तारीख म्हणजे तिसऱ्या दिवशी. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात याच वारी, तेही म्हणूनच: आजचा दिवस मोजून आठवा. 'आठवडा' शब्दात सात नसून आठ आहे, ते याच मोजणीमुळे. मजल्यांचं मात्र उलट. तळमजला आपण मोजत नाही. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे त्यांचा दुसरा तो आपला पहिला.

आता लिहिण्याबद्दल. 'दूसरा' असा दीर्घ दू हिंदीचा. मराठीत दु ऱ्हस्व, कारण अस्सल मराठी शब्दांत शेवटून तिसऱ्या अक्षरातला उकार ऱ्हस्व होतो. आणि हात जोडून विनंती, 'दुसर्या' असं रफार देऊन लिहू नका. 'सूर्य' उच्चारा, 'सू'वर आघात येतो. 'दुसऱ्या' उच्चारा, 'स'वर आघात येत नाही. म्हणून तिथे तो आडवा, पापणीसारखा र.

[पडद्यावर: दर्या – दऱ्या / आचार्यांना – आचाऱ्यांना]

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. एका रेघेने माणूस बदलतो. टाइप करताना साधा र घेऊ नका, नुक्तेवाला ऱ घ्या, मग हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, मग य. फोनच्या बऱ्याच कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो. एवढं केलंत की 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'म्हाताऱ्या', 'साऱ्या' सगळे सुधारतील.

शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय: 'तिऱ्हाईत' शब्द 'तीन'वरून आला का? हो. दोघांच्या व्यवहाराबाहेरचा तिसरा, तो तिऱ्हाईत. पण त्यावर बोलायचं तर 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ'पासून 'तिसराच' या रूपापर्यंत सगळं घ्यावं लागेल, ते 'तिसरा'च्या व्हिडिओत. तोवर मला खाली एवढं लिहा: तुमच्या घरात 'बिजवर' शब्द कोणी वापरतं का, आणि औटकी कोणाला अजून पाठ आहे का. पाठ असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या व्हिडिओत लावते.