सल्फर सिंकफॉइल ओळखायचं कसं?

मंडळी, उत्तर अमेरिकेतल्या मोन्टाना, आयडाहो किंवा ब्रिटिश कोलंबियातल्या कुरणांत जूनच्या सुमारास फिकट पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं दिसली, तर वरून एक फोटो काढून नाव ठरवू नका. ती पोटेंटिला रेक्टा असू शकते, म्हणजेच सल्फर सिंकफॉइल. ही युरेशियातून आलेली, तिथे तण ठरलेली. तिच्या शेजारीच तिथली मूळची पोटेंटिला ग्रॅसिलिस वाढते. दोघी गुलाबकुलातल्या, दोघींच्या पर्णिका (एका पानाचे छोटे भाग) हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या. ओळख चुकली की तण म्हणून उपटली जाते ती मूळचीच.

आधी फूल उलटं करा. पाकळ्यांमागे हिरव्या, पानासारख्या भागांची दोन वर्तुळं दिसायला हवीत: पाच निदलं आणि त्यांच्या मधल्या फटींत पाच उपनिदलं. बटरकप या दिसायला तशाच पिवळ्या रानफुलाला ही दुसरी ओळ नसते, शिवाय त्याच्या पाकळ्या चकचकीत असतात. पानाला तीनच पर्णिका आणि पाकळ्या निदलांहून आखूड असतील, तर ती बहुधा पोटेंटिला नॉर्वेजिका, याच गटातली आणखी एक जात.

आता खोड उजेडासमोर धरा. खरी परीक्षा इथे आहे. रेक्टाच्या खोडावरचे लांब केस काटकोनात ताठ उभे असतात, आणि दहापट भिंगातून त्यांच्यामध्ये आखूड, टोकाला ग्रंथी (बारीक गाठ) असलेले केसही दिसतात. ग्रॅसिलिसचे केस सहसा खोडाला चिकटून झोपलेले असतात. पण ग्रॅसिलिसमध्ये विविधता फार, त्यामुळे एकट्या केसांवर निकाल देऊ नये. पानं कुठे आहेत ते बघा: रेक्टाच्या उंच खोडावर भरपूर, फुलोऱ्याच्या वेळी बुडाशी थोडीच, ग्रॅसिलिसची मात्र बुडाशी जास्त. ग्रॅसिलिसच्या पानाची खालची बाजू बऱ्याचदा पांढुरकी लोकरी असते, रेक्टाची हिरवी. तरीही शंका राहिली तर बी पिकेपर्यंत थांबा. रेक्टाच्या बीवर जाळीदार कंगोरे असतात, ग्रॅसिलिसचं बी गुळगुळीत असतं.

म्हणून फोटो निदान चार हवेत: फुलाची मागची बाजू, खोड जवळून, पानाची खालची बाजू आणि रोपाचं बूड. मोबाइल ॲपला फक्त फुलाचा चेहरा दाखवलात तर नाव बरोबर येईलच असं नाही, कारण फरक तिथे नाहीच.

रोप खात्रीने रेक्टाच असेल, तर माती ओली असताना खणा. मुळाच्या माथ्यावरचा लाकडी गड्डा पूर्ण निघायला हवा. तुकडा राहिला की पुन्हा फुटवा येतो. नुसतं कापून ते मरत नाही, खालून नवी खोडं येतात. पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त असल्याने गुरंही तोंड लावत नाहीत, उलट आजूबाजूचं गवत संपवून याला जागा मोकळी करून देतात. बिया धरल्या असतील तर फुलोरा आधी पिशवीत कापून घ्या, मग खणा. मातीत पडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं, तेव्हा तीच जागा पुढच्या जूनमध्ये परत तपासा.