पासादो मान्याना : शब्द मागे, हात पुढे

विषय छापलाय ‘स्पॅनिश बोलणाऱ्यांचे हात आणि काळ’, आणि दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या आयमारा लोकांपर्यंत नेईन असं कबूल केलंय. नेतो. पण आधी ‘पासादो’ या शब्दाचा हिशेब चुकता करायचाय.

‘एल आन्यो पासादो’ म्हणजे गेलं वर्ष. ‘ला सेमाना पासादा’, गेला आठवडा. इथवर ठीक. मग येतं ‘पासादो मान्याना’. पासादो म्हणजे गेलेलं, तेव्हा ती भेट होऊन गेली असणार, असं नवशिका समजतो आणि घरी बसतो. तो दिवस असतो येणारा परवा, म्हणजे ‘उद्या’ उलटल्यावरचा! पाठ्यपुस्तकं हे तळटीपेत ढकलतात, यावर माझा जुना राग आहे. अहो, समोरच्याचा हात बघायला शिकवा ना. ‘मान्याना’ म्हणताना तर्जनी छातीच्या उंचीवरून पुढे छोटी कमान काढते. परवासाठी अनेक जण तीच कमान दोनदा काढतात. ‘आंतेआयेर’, म्हणजे मागचा परवा, आला की हात खांद्यावरून मागे. आपण हसायचं कारण नाही. आपला ‘परवा’ दोन्हीकडे जातो; क्रियापद गाळलं की फोनवरचा माणूस लटकला. (हशा)

आता ‘उन मोमेंतितो’, जरा थांबा. मेक्सिकोत अंगठा आणि तर्जनी यांत सेंटीमीटरभर फट ठेवून हात वर धरतात, चिमूटभर मीठ दाखवावं तसा. पाचही बोटांची टोकं जुळवून उघडझाप केलीत तर अर्थ बदलतो : ‘तुडुंब गर्दी आहे.’ दुकानदार थांबायचा राहून दाराकडे बघेल. ही चिमूट मला महत्त्वाची वाटते, कारण इंग्रजीत वेळ ‘लांब’ असतो, ‘लाँग टाइम’; स्पॅनिशमध्ये तो सहसा ‘लांब’ नसतो, ‘पुष्कळ’ असतो : ‘मुचो तिएम्पो’. 2004च्या सुमारास संशोधक कासासांतो आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर वाढणारी रेघ आणि भरत जाणारं भांडं दाखवून काळाचा अंदाज विचारला. इंग्रजीवाले रेघेने फसले, स्पॅनिशवाले भांड्याने. चिमटीशी त्याचं नातं मी जोडतोय, प्रयोगाने ते जोडलेलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग पळतच.

एक. ‘डावीकडचा महिना’ असं स्पॅनिशमध्ये कुणी म्हणत नाही, तरी बोलताना हात पुष्कळदा काल डावीकडे ठेवतो, उद्या उजवीकडे. लिहिण्याची दिशा तीच. वर्गासमोर उभ्या शिक्षकाने मात्र हात उलटा फिरवावा. नाहीतर मुलांना भविष्य डावीकडे दिसतं.

दोन, कबूल केलेले आयमारा. उत्तर चिलीच्या डोंगराळ भागात त्यांच्या भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोर, आणि भूतकाळही. ‘किपा’ म्हणजे पाठ आणि भविष्य. घडलेलं दिसतं, म्हणून ते समोर. नुन्येस आणि स्वीट्सर यांनी 2006 साली दाखवलं की स्पॅनिश बेताची येणारे म्हातारे आयमारा भूतकाळासाठी पुढे हात करतात. स्पॅनिश सफाईने बोलणाऱ्या तरुणांचे हात मात्र स्पॅनिशसारखे फिरतात.

तीन. मग सगळं भाषेच्याच पदरात? 2014चा एक अभ्यास पाहा. मोरोक्कोची अरबी भविष्य पुढेच आहे म्हणते, तरी चित्रातल्या माणसाभोवती काल आणि उद्या मांडायला सांगितल्यावर तिथल्या बहुतेकांनी काल समोर ठेवला. स्पॅनिश तरुण उद्या समोर ठेवत. पण आधी स्वतःच्या भूतकाळावर लिहायला लावलं, तेव्हा तेही काल समोर ठेवू लागले.