विक्रोळीला आलेली नर्स

नमस्कार मंडळी!

विक्रोळीत लहानपण गेलेलं कुणी आहे का इथे? वा, चार-पाच हात दिसतायत. १९६६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एक अडुसष्ट वर्षांच्या नर्सबाई पीस कोअरतर्फे, म्हणजे इतर देशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतर्फे, तुमच्या गोदरेज वसाहतीत कामाला आल्या होत्या. लिलियन कार्टर. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्यांनी घरी धाडलेली पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने आली. ती वाचताना विक्रोळीपेक्षा बाईच जास्त बदलल्यासारख्या वाटतात. कुष्ठरोग झालेल्या एका लहान मुलीला हात लावायला त्या आधी कचरत होत्या. अनेक वर्षं नर्सिंग केलेली बाई! ती भीती विक्रोळीत गेली.

पीस कोअरच्या १९६१च्या कायद्यात हा हेतू सरळ लिहिलेला आहे: इतर देशांतली माणसं अमेरिकनांना नीट कळावीत. आपण मंडळातले पालक मात्र मुलांना उन्हाळ्यात केनियाला, नेपाळला मदत करायला पाठवतो म्हणून सांगतो. (कॉलेजच्या अर्जातही ते शोभून दिसतं, असो.) घरात कधी खिळा न ठोकलेला मुलगा तिथे शाळेची भिंत बांधतो आणि गावातला गवंडी बघत उभा राहतो. कंबोडियात तर याहून वाईट झालं. पाहुण्यांच्या देणग्यांवर अनाथालयं वाढली आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते.

आता जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आज परदेशातले डॉक्टर, विद्यार्थी तिथे शिकायला येतात, आणि शिकवणाऱ्यांत या बायकाही असतात.

आपल्या मंडळातली एक मुलगी मराठवाड्यात अशाच एका सेविकेबरोबर हिंडली. सेविका गरोदर बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघायची. पण ‘जेवतेस का गं पोटभर?’ हे मात्र सासू पाणी भरायला बाहेर गेल्यावरच विचारायची. मेडिकलला असलेल्या आपल्या मुलीला हे कुठल्या वर्गात कळलं असतं?

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. मुलांच्या प्रवासासाठी आपण जी मदत देतो, तिच्या अर्जात ‘तिथे काय काम करणार?’ एवढंच विचारतो. त्याखाली आणखी एक रकाना घाला: ‘तिथे कुणाच्या हाताखाली शिकणार?’ आणि त्या माणसाचं मानधनही आपणच द्यायचं.