शनवार तेल्याचा शुक्रवार

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेली वारावरून ओळखले जात. सोमवार शंकराचा, त्या दिवशी बैल जुंपायचा नाही, म्हणून घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. हे दुसरे म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, एवढं टिकलं. राहत्या गावांवरून पेणकर, अष्टमकर, दिवेकर अशी आडनावं पडली.

शनवार तेली म्हटलं की लोकांना त्याची सुट्टी आठवते. खरी कसोटी लागायची ती शुक्रवारी.

लाकडी घाण्यात एका वेळी साधारण दहा किलो तीळ बसतात. मधल्या उखळात लाट, म्हणजे तीळ चिरडणारा जाड लाकडी दांडा, तिरकी उभी, तिच्या जोखडाला डोळ्यांवर ढापणं बांधलेला बैल. तीळ आधी वाळवून, पाखडून घ्यायचे. खडा राहिला तर लाकूड खरवडतं. मग कोमट पाणी शिंपडायचं, अर्धा ते पाऊण लिटर, पण एकदम नाही, दोनतीनदा. पाणी कमी पडलं तर तिळाचा नुसता भुगा होतो, तेल सुटत नाही. जास्त झालं तर लगदा चिकट होतो, तेलात ओल राहते आणि ते लवकर खवट होतं. हा अंदाज हाताचाच. पावसाळ्यातल्या दमट तिळाला उन्हाळ्याइतकं पाणी चालत नाही. दीडदोन तासांत चार किलोच्या आसपास तेल निघतं, खाली पेंड उरते आणि ती गुरांना जाते. खोबरं जास्त उदार: दहा किलोला साडेपाच-सहा किलो तेल. मात्र ते खडखडीत वाळलेलं हवं. बुरशी धरलेल्या खोबऱ्याचा वास तेलातून काही केल्या जात नाही.

आता शुक्रवार. शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो, आणि अर्धवट पिळलेला ओला लगदा दीड दिवस उखळात राहिला तर आंबतो. त्यामुळे शेवटचा घाणा कधी भरायचा हे सूर्य ठरवतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे दोन-अडीचनंतर नवे तीळ घालायचे नाहीत. जुलैत सव्वासातनंतर बुडतो, तेव्हा आणखी एका घाण्याला वेळ मिळतो. पेंड काढायची, उखळ पुसायचं, बैल सोडायचा. विश्रांतीची आज्ञा बैलालाही आहे. ज्यूंच्या दहा आज्ञांत मालकाबरोबर जनावराचाही उल्लेख येतो. ताजं तेल गढूळ असतं, गाळ बसायला दोनतीन दिवस लागतात. ते निवळायला माणसाचा हात लागत नाही. शुक्रवारचं तेल शनिवारभर भांड्यात आपोआप निवळत राहायचं. हा योग फार सुरेख जुळलेला.

घरातही तीच घाई. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून स्वयंपाक आदल्या संध्याकाळी. मांसाबरोबर दूध चालत नाही. मग रश्शाला नारळाचं दूध. कोकणात राहून कोळंबी-खेकडे वर्ज्य. मासा हवा तो खवल्यांचा आणि परांचा. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, असा शब्बाथचा दिवा.

नवस फेडायचा, शुभकार्य करायचं, तर मलिदा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती फळं, ताटात सब्जाची डहाळी. आठवण करायची ती एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांची. त्यांच्या रथाची खूण म्हणून अलिबागजवळ खंडाळे इथला खडक दाखवतात. मोठ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यामुळे नऊ जमलेल्या गावात दहाव्या तेल्यानं दुकानाचं कारण सांगून चालत नसे.

सणांना नावंही त्यांनी मराठीतच दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, आणि उपवासाचा बिरड्याचा रोजा. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 साली प्रार्थनास्थळ उभं राहिलं. त्याआधी 1796 मध्ये मुंबईत पहिलं झालं होतं, फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं.

मुंबईत फौज, सुतारकाम, रेल्वे, कचेऱ्या अशा नोकऱ्या मिळाल्या, पण शनिवार हा सगळीकडे कामाचा दिवस. घाणा स्वतःचा होता, तोवर तो थांबवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पगारी माणसाला रजा मागावी लागे. पुढे यंत्राच्या गिरण्यांनी लाकडी घाणे मागे पाडले, आणि 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथल्या लोद, अश्दोद, दिमोना या गावांत शनिवारी बाजार आपोआप बंद होतो. मलिद्यासाठी पोहे मात्र तिथेही भिजत घालावे लागतात.